थंडीतला कूलर

बाबा, आपल्या घरी रात्रीची वीज कधीच स्वस्त नव्हती. हे मी तुम्हाला एकदा सांगून बसलो आहे. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, आणि जे सांगितलं त्यात एका शब्दाची चूक नव्हती. आता दहा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. पत्र लिहायची मला सवय नाही, आपल्या घरात कोणालाच नव्हती. तुम्ही तर किराण्याची यादीसुद्धा आईला दारातून तोंडीच सांगायचे. पण गेले पंधरा दिवस डोक्यात एकच गोष्ट फिरून राहिली आहे, आणि ज्यांना सांगायची ते दोघंही ऐकायला नाहीत. एक फोन उचलत नाही, आणि दुसरे तुम्ही. म्हणून लिहितो.

तुम्ही उरल्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लोखंडाच्या भट्टीवर होते. मला लहानपणी जगाची रचना अशी समजली होती: कारखान्याला रात्री वीज स्वस्त मिळते, म्हणून लोखंड रात्री वितळवतात, म्हणून माझे बाबा रात्री घरी नसतात. शाळेत कोणी विचारलं तर मी पाढ्यासारखं म्हणून दाखवायचो. बाकीच्या पोरांचे वडील संध्याकाळी घरी यायचे, तुम्ही संध्याकाळी डबा घेऊन निघायचे, गळ्यात मफलर, स्कूटरच्या डिक्कीत जाड बूट. सकाळी सातला परत. रात्रभर वितळलेल्या लोखंडाजवळ उभा राहणारा माणूस घरी यायचा तो थंडीने कुडकुडत. उरल्यापासून घरापर्यंतच्या त्या वाऱ्यात तुमची बोटं अशी आखडायची की हॅन्डलवरून सोडवायला वेळ लागे. मी हसायचो. तुम्ही ती गार बोटं माझ्या मानेवर लावायचे आणि म्हणायचे, "घे, हसून राहिला ना? आता घे."

रायपूरची थंडी ती किती, दीड महिन्याची. पण आपली खोली तळमजल्यावर, मागची भिंत कायम ओली, आणि मला दमा. पहाटे माझी छाती वाजायला लागली की आई उठून बसायची. "पोट्ट्याच्या छातीत मांजर घुसलं वाटते," असं तिचं म्हणणं. डॉक्टर म्हणाले, खोली गरम ठेवा. तुम्ही बाजारात हीटर पाहून आले, तोंड वाकडं करून. तो लाल तारेचा हीटर हवा सुकवतो, झोपेत पांघरुणाला लागला तर घर पेटेल, असं काय काय तुम्ही बोलले. आणि दुसऱ्या आठवड्यापासून तुमच्या डब्याच्या पिशवीतून विटा यायला लागल्या. वितळलेलं लोखंड ज्या मोठ्या बादलीत ओततात, तिच्या अस्तरातल्या जुन्या, काढून टाकलेल्या विटा. साहेबाला विचारून, रोज दोन. आई म्हणाली, "घर बांधून राहिले का तुमी, का समाधी?" तुम्ही गच्चीवर पडलेला जुना कूलर खाली आणला, त्यातला पंखा, मोटर, सडलेली खस सगळं काढलं, आणि त्या पत्र्याच्या रिकाम्या पोटात विटा रचल्या. विटांना खाचा पाडून त्यातून हीटरची स्प्रिंग फिरवली, बाहेरून भट्टीवरचीच, आगीत न जळणारी पांढरी लोकर लावली. अर्थिंग तर असं केलं की पूर्ण चाळीला पुरावं. तीन रविवार गेले. पत्र्याच्या कडेने तुमचा अंगठा कापला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्यासमोर शिवी दिली, आणि लगेच आईकडे पाहिलं.

नियम तुमचाच. रात्री अकराला चालू, पहाटे पाचला बंद. ज्या वेळात भट्टीला वीज स्वस्त, त्याच वेळात विटा तापवायच्या, आणि मग त्या दुपारपर्यंत हळूहळू ऊब सोडत राहतात. तुम्ही मला समजावलं होतं, विटेवर हात ठेवायला लावून: "लोखंड लवकर तापते, लवकर थंड होते. वीट तशी नाही. वीट धरून ठेवते." शेजारचे भैया खिडकीतून ओरडायचे, "का जी, ठंड में कूलर चलात हव का?" आणि पूर्ण चाळ हसायची. तुम्हीही हसायचे. पण ऊब यायची, बाबा. मी शाळेचा शर्ट त्या पत्र्यावर टाकायचो आणि तो गरम घालायचो. सकाळी तुम्ही आले की बूट न काढता त्याला पाठ टेकून बसायचे, डोळे मिटून, हातात चहा. त्या हिवाळ्यात माझी छाती दोनदाच वाजली.

आता तो रविवार. तुमचे भट्टीवरचे सोबती काका आले होते, काकूला घेऊन. त्यांच्या सुनेला बाळ झालं होतं, आणि त्यांना असाच कूलर घरी बनवायचा होता. तुम्हाला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नाही. किती विटा, कुठे खाच, स्प्रिंग किती, सगळं पत्र्यावर बोटाने काढून दाखवून राहिले होते. आणि मग मुख्य गोष्ट, शेवटी ठेवलेली: "असली मजा टायमिंगची आहे. रात का बिजली सस्ता. अकरा ते पाच. कंपनी जे करते तेच आपण घरी करून राहिलो." काका मान हलवत होते, हव, हव. मी कोपऱ्यात गृहपाठ करत होतो. त्याच महिन्यात शाळेत विज्ञानाच्या सरांनी विजेचं बिल वाचायला शिकवलं होतं. मी उठलो, खिळ्याला लावलेलं बिल काढलं, आणि तुमच्या दोघांच्या मध्ये धरलं. "बाबा, यात रात्र-दिवस काही नाही. घरच्या मीटरला एकच रेट राहते. तुम्ही दिवसा लावलं तरी तेवढंच, रात्री लावलं तरी तेवढंच. हे कंपनीचं आहे, घराचं नाही." मला आठवते, मी हसत होतो. मला वाटत होतं तुम्ही काकांना म्हणाल, पाहा माझा पोट्टा किती हुशार.

तुम्ही बिल घेतलं. वरून खालपर्यंत वाचलं, मग उलटं करून मागची बाजू वाचली, जिथे नुसत्या सूचना असतात. काकूने पदराने तोंड झाकलं. काका म्हणाले, "हव गा, फेर गरम तो होथे न!" पण गरम तर होते ना, म्हणून तुमच्या पाठीवर थाप मारली. तुम्ही बिल घडी करून परत खिळ्याला लावलं आणि म्हणाले, "चाय थंडी होऊन राहिली." बस. त्या संध्याकाळी डबा घेताना आईला म्हणाले, आज नको लावू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर भरत होतो तेव्हा तुम्ही बूट काढता काढता विचारलं, माझ्याकडे न पाहता: "तू बरोबर बोलला. पण लोकाइसमोर काहून बोलला?" मी म्हणालो, "कारण खरं होतं." तुम्ही म्हणाले, "हं." त्यानंतर तुम्ही रोज सकाळी यायचे आणि सवयीने त्याच पत्र्याला टेकून बसायचे. तो थंड असायचा. अकरा दिवस. बाराव्या दिवशी धुकं होतं, आणि उरल्याच्या रस्त्यावर उभा असलेला ट्रक तुम्हाला दिसला नाही.

त्या "हं"चं मी काय काय केलं आहे ते तुम्हाला माहीत नाही. पुढे माझा दमा गेला, डोकं मात्र तापलेलंच राहिलं. इलेक्ट्रिकलला नंबर लागला तेव्हा आईने पेढे वाटले. तिसऱ्या वर्षी एका सरांनी फळ्यावर सर्किट चुकीचं काढलं. मी बसल्या जागेवरून म्हणालो, सर, गलत है. ते म्हणाले, तो आके तू पढ़ा ले. मी गेलो, खडू घेतला, आणि शिकवलं. वर्ग टाळ्या वाजवून राहिला होता, पहिल्या बाकावर एक मुलगी बसली होती, आणि खरं सांगायचं तर मी तिच्यासाठीच शिकवलं. तिने टाळी वाजवली नाही. विभागप्रमुखांनी दोन ओळींचा माफीनामा मागितला. बरोबर असताना माफी कशाची, म्हणून मी फाइल टेबलावर आपटून आलो ती परत उचललीच नाही. कॉलेज सुटलं हे आईला महिनाभर सांगितलं नाही, रोज दप्तर घेऊन निघायचो आणि तेलीबांध्याच्या तलावावर बसायचो. तिथेच ती पहिल्या बाकावरची मुलगी एकदा शोधत आली. "किसने कहा था हीरो बनने को?" असं म्हणाली, आणि शेंगदाण्याची पुडी माझ्या पुढ्यात ठेवली. तुम्ही असते तर मी तिच्याबद्दल एवढंही बोललो नसतो. पण आता काय.

ती आपल्यासारखीच मराठी, पण तिच्या घरचे भोसल्यांच्या वेळेपासून इथलेच. घरी मराठी बोलतात आणि ती हिंदीत उत्तर देते. मी मराठीत भांडतो, ती हिंदीत जिंकते. दोन वर्षं झाली, बाबा. तिच्याशिवाय दिवस कसा घालवायचा हे मला येत नाही, आणि हे मी तिला कधी नीट सांगितलं नाही, भांडणाच्या मध्येच काय ते बोलून गेलो असेन.

मी आता नवे मीटर लावायचं काम करतो, ठेकेदाराकडे. जुना काढायचा, नवा बसवायचा, सील लावायचं, फोटो काढायचा, आणि लोकांच्या शिव्या खायच्या की हा जोरात पळतो म्हणून. मागच्या महिन्यात तिच्या सोसायटीचा नंबर लागला. तिनेच युक्ती काढली: मी तिच्या घरी मीटर लावायला जायचं, पप्पांनी मला काम करताना पाहायचं, चहा व्हायचा, ओळख व्हायची, मग पुढच्या महिन्यात ती घरी विषय काढणार. तिच्यासाठी एक स्थळ येऊन बसलं आहे, भिलाईचं, त्याला घरचे हो म्हणायच्या आधी हे सगळं व्हायला पाहिजे होतं. मला तिने एकच सांगितलं होतं. "मीटर लगाना, चाय पीना, और चुप रहना. हो पाएगा?" मी म्हणालो, एवढं का येत नाही मला.

मीटर जिन्यात असतात. तिचे पप्पा खुर्ची घेऊन बाहेर बसले, शेजारचे दोन-तीन जण जमले. भला माणूस, बाबा. मला पाणी दिलं, माझ्या हातातला पेचकस पाहून म्हणाले, मूठ सैल आहे, बदलून घे. मग शेजाऱ्यांना सांगायला लागले. त्यांच्या म्हाताऱ्या आईला थंडी सोसत नाही, तिच्यासाठी त्यांनी तेलाचा हीटर आणला होता, टायमरवाला. "अब नया मीटर आ गया, तो मैंने टाइमर लगा दिया. रात ग्यारह से पाँच. रात का बिजली सस्ता पड़ता है. दिवसभर मग खोली गरम राहते, आईला काही त्रास नाही." आकडेसुद्धा तेच, बाबा. अकरा ते पाच. माझ्या हातात सीलची तार होती. मला थांबता आलं असतं. मी मान वर केली आणि हसून म्हणालो, "उलटं आहे अंकल. घराला अजून एकच रेट आहे. आणि पुढे दोन झाले तरी रात्र स्वस्त नाही राहणार, दिवस राहील. आता उन्हाची वीज आहे. तुम्ही जुन्या जमान्याचं धरून बसले." आणि थांबलो नाही, समजावत राहिलो, वर्गात समजावलं तसं. शेजारचे एक जण मोठ्याने म्हणाले, "लो, भाई साहब तो उल्टा टाइमर लगाए बैठे हैं!" जिना हसला. तिचे पप्पा माझ्या कागदावर सही करून आत गेले. चहा झाला नाही. दारात ती उभी होती. खाली गाडीजवळ येऊन ती एकच वाक्य बोलली. "सही बात बोलने के लिए तुमको हमेशा भीड़ क्यों लगती है?" त्यानंतर फोन नाही.

घरी येऊन मी आईवर भडकलो. आईवर कशाला, पण तीच होती. म्हणालो, मी चुकीचं काय बोललो ते सांग. ती भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, तवा उतरवला, आणि म्हणाली, "मले तर पहिल्याच बिलात समजलं होतं."

"काय?"

"का घरच्या मीटरले रात्र-दिवस नाही समजत. मीटर वाचाले येणाऱ्या पोट्ट्याले इचारलं होतं मी."

"मग बाबाले सांगितलं काहून नाही? तू रोज पहाटे पाचले उठत होती ते बंद कराले! थंडीत!"

"काय सांगू? तो मानूस रात्रभर घरात नाही राहत होता. तेवढंच एक त्याचं घरात चालू राहत होतं." मग हाताचं पीठ झटकत ती म्हणाली, "सांगाचं असतं तर मी एकट्यात सांगितलं असतं. तूनं सांगितलं. झालं ते झालं. जेव."

मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. तुमचे तेच सोबती, आता केस पूर्ण पांढरे. त्यांनी तसा कूलर शेवटी बनवलाच होता, मला माहीतच नव्हतं. त्यांचा नातू त्याच्या उबेत वाढला, म्हणाले. मी विचारलं, त्या रविवारनंतर बाबा भट्टीवर काही बोलले होते का माझ्याबद्दल? काका बराच वेळ विडी शोधत राहिले. मग म्हणाले, तुम्ही पूर्ण पाळीभर सगळ्यांना सांगत होते की पोराने बिल वाचलं, आपल्याला एवढ्या वर्षांत कोणाला जमलं नाही. हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. काका मला बरं वाटावं म्हणूनही बोलले असतील, आणि खरं असेल तर ते आणखीच वाईट. लोकांसमोर तुम्ही मला मोठं करून राहिले होते, आणि घरी येऊन थंड पत्र्याला टेकत होते.

अजून एक सांगितलं काकांनी. तुमची भट्टी आता दिवसा चालते. सकाळी नऊला सुरू, संध्याकाळी बंद, कारण आता कारखान्याला दिवसाच वीज स्वस्त. रात्रपाळी जवळजवळ संपली. लोक संध्याकाळी डबा घेऊन घरी येतात, पोरांना गाडीवर फिरवतात. मी त्यांच्या अंगणात बसलो होतो, आणि डोक्यात हिशेब सुरू झाला की तुम्ही असते तर आता कोणत्या वेळी घरी असते. जेवताना असते. झोपताना असते. मी तुमच्याशी भांडून उपाशी झोपलो असतो आणि तुम्ही रात्री उठून माझं पांघरूण नीट केलं असतं, मला कळलं नाही असं समजून. माझं आयुष्य ज्या एका नियमावर उभं होतं, तो नियमच त्यांनी उलटा करून टाकला, आणि तुम्ही तेवढे थांबले नाही.

तुम्ही विचारलं होतं, काहून. त्याचं उत्तर मला आता येते. खरं होतं म्हणून नाही बोललो, बाबा. तुम्ही काकांशी इतकं बोलत होते, माझ्याशी तुम्ही कधी तेवढं बोलले नव्हते. मला तुमच्या त्या बोलण्यात शिरायचं होतं. शिरायला माझ्या हातात दुसरं काही नव्हतं, बिल होतं. हे मी तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाले असते, याच्या मी बऱ्याच कल्पना करून पाहिल्या. सगळ्यांत तुम्ही "हं" एवढंच म्हणता.

आज दुपारी तिचा मेसेज आला. पंधरा दिवसांत पहिला. "इतवार को पापा घर पर रहेंगे. शाम को कोई नहीं आता." पुढे काही नाही, नाव नाही, राग गेला की नाही तेही नाही. भिलाईवाल्यांना उत्तर सोमवारी द्यायचं आहे. म्हणजे उद्या मला तिथे जायचं आहे आणि एका माणसाला, एकट्याला, सांगायचं आहे की माझं चुकलं. विजेचं बरोबर होतं, पण माझं चुकलं. हे वाक्य मी मेसेज आल्यापासून आरशासमोर बोलून पाहिलं, आणि दर वेळी पहिला अर्धा भागच आधी तोंडातून बाहेर येतो. तो अर्धा गिळता आला तर कदाचित जमेल. नाही जमलं तर ती भिलाईला जाईल, आणि ती चुकीचं करेल असं मला म्हणता येणार नाही.

आता एक कबूल करतो. हे मी तुमच्यासाठी लिहायला बसलो नव्हतो. मेसेज आल्यावर डोक्यात आलं की मेलेल्या बापाला लिहिलेलं पत्र तिच्या हातात ठेवलं तर ती विरघळेल, पप्पांनाही दाखवेल, मग मला तोंडाने काही बोलायची गरजच पडणार नाही. पहिलं पान तसंच लिहिलं, तिला कुठे रडू येईल ते पाहत पाहत. अंगठा कापला तो प्रसंग त्यासाठीच घातला. मधे कुठेतरी तिचं वाचणं डोक्यातून गेलं, कुठे ते मला सांगता येणार नाही.

तिला नाही देत.